आतून कडी

तुळशीरामजी काकाजींच्या घरी संडासात बसलेल्या माणसाला सारखं खोकत राहावं लागतं. कारण दाराला कडी नाही. संडासाला नाही, न्हाणीला नाही, झोपायच्या खोल्यांना नाही, देवघरालाही नाही. रस्त्यावरच्या मोठ्या दाराला तेवढी आहे, तीही चोरांच्या भीतीने. बरं, काकाजींचा धंदा कोणता म्हणाल, तर वर्ध्याच्या बाजारात कड्या-कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपं विकण्याचा. अर्ध्या तालुक्यातल्या नव्या नवऱ्यांनी ह्यांच्या दुकानातल्या कड्या लावून संसार सुरू केले. घरच्या सुनांना मात्र ह्यांनी खोकायला लावलं.

मी त्यांचा शेजारी. नालवाडीत त्यांच्या घराची मागची भिंत म्हणजे माझ्या अंगणाची हद्द. त्या भिंतीत त्यांच्या स्वयंपाकघराची गजांची खिडकी आहे, आणि आमचं सगळं देणंघेणं त्या खिडकीतून चालत आलं. काकू असताना तिथूनच चहाचा कप बाहेर यायचा, माझ्याकडची कढीपत्त्याची डहाळी आत जायची. मी समोरच्या दाराने जायचा नाद कधीच सोडला होता. ह्या घरात माणूस चहा प्यायला शिरला तर चहा निवेपर्यंत पोचत नाही.

बाहेरून पाहाल तर घर तुमच्या-आमच्यासारखंच. पिवळा रंग, लोखंडी फाटक, दारात तुळस. पण बैठकीच्या पुढे गेलात की संपलं. बैठकीतून डाव्या हाताला निघालात तर वळणं घेत, कोठीतून, देवघरातून थोरल्या मुलाच्या खोलीत जाता. उजव्या हाताला निघालात तर संडास-न्हाणीवरून धाकट्याच्या खोलीत जाता. दोन्ही खोल्यांची दुसरी दारं स्वयंपाकघरात उघडतात, आणि स्वयंपाकघर सगळ्यांत आत, सगळ्यांत मागे. म्हणजे चुलीपाशी जायचं तर कोणत्या ना कोणत्या मुलाच्या खाटेला वळसा घालूनच जायचं. शिवाय मधली काही दारं अशी ठेवली आहेत की त्यांतून आत गेलेला माणूस एक चक्कर मारून परत बैठकीतच निघतो. एकदा खानेसुमारीला आलेल्या मास्तरांनी एकच खोली तीनदा मोजली आणि शेवटी काकाजी सांगतील तो आकडा लिहून घाम पुसत निघून गेले. थोरल्या सुनेचे वडील अमरावतीहून मुक्कामाला आले होते. सकाळी कमरेला पंचा गुंडाळून आंघोळीला निघाले ते थेट लेकीच्या जावेच्या खोलीत. बिचारे खोकायला विसरले होते. दुपारच्या बसने परत गेले, आणि पुढे लेकीला भेटायचं असलं की वर्ध्याच्या स्टँडवर बोलवायचे.

हे असं घर कोणी चुकून बांधत नाही. काकाजींनी ते विचार करून बांधलं. घराची वाटणी होऊ नये म्हणून बांधलं.

वाटणी ह्या विषयावर मला कोणी शिकवू नये. माझा जन्म कोर्टासमोर लिंबाखाली टाईपरायटर बडवण्यात गेला. सख्खे भाऊ एका सायकलवर डबलसीट यायचे, एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायचे आणि एकमेकांवर दावा टाईप करून घ्यायचे. ‘सरस-निरस मानाने वाटप होऊन मिळावे’ हे वाक्य माझ्या बोटांना इतकं पाठ आहे की झोपेतही ती उशीवर तेच बडवतात असं बायको म्हणते. माझ्या घरीही तेच झालं. धाकट्या भावाने, सुधाकरने, दावा केला. तो त्याने शेजारच्या टायपिस्टाकडून करून घेतला, आणि त्यात पानोपानी चुका होत्या. भावाने कोर्टात खेचल्याचं वाईट वाटलंच, पण निदान टाईप तरी माझ्याकडून करून घ्यायचा होता. आता आमच्या बैठकीच्या मधोमध भिंत आहे. ती खिडकीच्या बरोबर मधून गेली. खिडकीचं एक दार माझं, एक त्याचं. वारा आला की दोन्ही आपटतात आणि दोघंही आपापल्या बाजूने शिव्या देतो.

म्हणून काकाजींचं घर पाहिलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग हेवा वाटला. काकाजींच्या बैठकीत सुतळीचा एक गुंडा कायम ठेवलेला असे. पाहुणा टेकला की काकाजी तो त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "भिंत कुठून घालशीन, सांग." अट एवढीच की सुतळी ताणून घराचे दोन भाग करायचे, आणि दोन्ही भागांना चूलही मिळाली पाहिजे, न्हाणीही मिळाली पाहिजे, बाहेर जायला वाटही मिळाली पाहिजे. एका रविवारी मीही पैज घेतली. म्हटलं, आपण ह्या धंद्यात केस पांढरे केले. मी गुंडा घेऊन आत शिरलो, वळलो, वाकलो, एका दारातून गेलो, दुसऱ्यातून आलो, आणि शेवटी सुतळी माझ्याच पायात गुंतून धाकट्या सुनेच्या पलंगावर पडलो. काकाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कोर्टाचा माणूस हारला ना बावा," म्हणाले. मग महिनाभर बाजारात हीच गोष्ट सांगत फिरत होते.

ह्या हट्टाचं मूळ नाचणगावात होतं. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, खिडकीतून, कांदा चिरता चिरता, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की कशाचं हे कळू नये अशी सोय करून. वडील गेले तेव्हा हे तीन भाऊ. तेरवी झाली आणि विटा आल्या. भिंत नेमकी तिथून निघाली जिथे त्यांच्या आईची बाज असायची. गवंडी सूत धरून उभा, तिन्ही भाऊ हुज्जत घालतायत, आणि म्हातारी बाजेची एक बाजू धरून उभी. "तिनं काहीच म्हटलं नाई," काकाजी म्हणाले. "एवढंच ईचारलं, का माही बाज कोणत्या अंगाले टाकू? तिघांतल्या एकानंई सांगतलं नाई. मी बी नाई सांगतलं." म्हातारीने बाज उचलून आंगणात नेली आणि पुढची सगळी वर्षं उन्हापावसात मांडवाखाली काढली. त्या दिवसापासून काकाजींनी ठरवलं की आपल्या घरात गवंड्याच्या सुताला सरळ जाताच येऊ नये.

नकाशा कुठून आणला, तर तोही आईकडूनच. काकूंचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. आपल्याकडे अडलेल्या बाईसाठी काशाच्या थाळीत कुंकवाने चक्रव्यूह काढतात, तिला तो नजरेने आतून बाहेर फिरायला लावतात, मग थाळीत पाणी घालून ते पाजतात. लेकराला वाट सापडावी म्हणून. म्हातारीने तसा काढला, काकू कुंकवाचं पाणी प्यायल्या आणि विलास झाला. काकाजींनी दाराच्या फटीतून ती थाळी पाहिली होती. ते चित्र त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. पुढे प्लॉट घेतला तेव्हा म्हातारीला बसवून जमिनीवर राखेत तेच पुन्हा काढून घेतलं आणि मिस्त्रीला म्हणाले, असं बांध. मिस्त्री शहाणा होता. त्याने विचारलं, "याच्यात निघाचं कुठून, शेठ?" काकाजी म्हणाले, "निघाचंच नाई."

आणि कड्या? त्यांचं म्हणणं असं की कडी म्हणजे भिंतीचं लेकरू. आज दाराला कडी लागली की उद्या चूल वेगळी, परवा विटांचा ट्रक. दुकानात गिऱ्हाइकाला कड्या दाखवतानाही ते तोंड असं करायचे की जणू एंड्रीन विषाची बाटली विकतायत. गिऱ्हाईक आतल्या खोलीसाठी कडी मागायला लागलं की विचारायचे, "घरात भाऊ हाय का तुले?" असेल तर लहानातली लहान, हलकीतली हलकी कडी गळ्यात मारायचे. दुकान चाललं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, पंगत उठली, आणि संध्याकाळी काकू गाद्या कुठे घालायच्या म्हणून विचारायला आल्या. तेव्हा कुठे काकाजींच्या लक्षात आलं की थोरल्याची खोली झाली, धाकट्याची झाली, आल्यागेल्याची झाली, देवाचीसुद्धा झाली. दोघांची स्वतःची राहून गेली. मुलं तेव्हा शाळेत होती, वर्षानुवर्षं त्यांच्या खोल्या रिकाम्या ठेवून ही दोघं स्वयंपाकघरात बाज टाकून झोपली. "मंदी झोपलेलं बरं," काकाजी म्हणायचे. "दोनी अंगचा आवाज येते." काकू मला खिडकीतून खूण करायच्या की ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही.

मग मुलं मोठी झाली, नोकऱ्या लागल्या, सुना आल्या. आणि ज्या घराने त्यांना बांधून ठेवायचं होतं त्याच घराने त्यांना हुसकायला सुरुवात केली. पहाटे काकाजी दूध घ्यायला निघायचे ते थोरल्याच्या खोलीतून, खोकत. काकू न्हाणीत जायच्या त्या धाकट्याच्या खोलीतून, बांगड्या वाजवत. थोरलीला रात्री संडासला जावं लागलं तर धाकटा डोक्यावरून पांघरूण घ्यायचा. नव्या नवरा-बायकोने भांडायचं म्हटलं तरी पुढच्या खोकल्याच्या आत भांडण मिटवावं लागे, आणि प्रेमाचं तर बोलायलाच नको. थोरलीने पहिल्याच वर्षी सासऱ्यांकडे एक कडी मागितली. लाजत, पदर सावरत, काकूंच्या मार्फत. सासरे कड्यांचे व्यापारी, म्हणजे मागणं काही चंद्राचं नव्हतं. काकाजी जेवणावरून उठून गेले. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ती बिचारी दाराला खुर्ची लावून झोपायला लागली, आणि पहाटे काकाजी अंधारात त्या खुर्चीला धडकून गुडघा फोडून घ्यायला लागले.

विलास आधी गेला. बँकेत होता, नागपूरला बदली मागून घेतली. लोकांची बदली होते, ह्याने मागून घेतली. धाकटा प्रमोद पुण्याला कंपनीत लागला. नागपूरला जायच्या दिवशी थोरली माझ्या बायकोला भेटायला आली होती. म्हणाली, "काकू, सासू-सासरे देवमाणसं आहेत. घरात कडी असलेली एक खोली असती ना, तर आम्ही राहिलो असतो."

मी काकाजींना हे सांगितलं. मला राग आला होता. एवढी अक्कल लढवून माणसाने आपल्याच पोरांना बाहेर काढावं, आणि माझ्यासारख्याच्या घरात भिंत घालूनही भाऊ रोज शिव्या द्यायला का होईना पलीकडे असावा, ह्याचा राग आला. चुलीपुढे बसलेल्या काकू बोलल्या. जन्मभर त्या नवऱ्याला उलटून बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी भाकरी थापता थापता बोलल्या.

"ते चित्र लेकरू बाहेर निघाले पायजे म्हणून काढते," त्या म्हणाल्या. "मी पेली ना त्याचं पाणी, मले मालूम. तुमी त्याचंच घर बांधलं. मंग पोरं राहतीन कशी?"

काकाजींनी खिडकीचे गज धरले. मग मला म्हणाले, "त्या अभिमन्यूचं लोकं उगाच रडते, मनोहर. तो पोटात आत जाणं शिकला. माहे पोट्टे बाहेर निघणं शिकून आले." आणि हसले. ते हसू पाहून मी खिडकीपासून दूर झालो.

त्यानंतर घरात दोघंच. एवढ्या वळणांत दोघंच. काकाजी संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायचे, प्रत्येक दिवा लावून, प्रत्येक दारात खोकून. रिकाम्या खोलीच्या दारात कशाला खोकता, असं मी विचारलं तर म्हणाले सवय. दुकान त्यांनी बंद केलं. उरलेला माल खोक्यांत भरून कोठीत ठेवला. घरात खोकीभर कड्या आणि एकाही दाराला कडी नाही.

मागच्या वर्षी काकू गेल्या. झोपेत गेल्या, स्वयंपाकघरातच. मुलं आली, तिरडी बांधली, आणि मग कळलं की तिरडी आत जात नाही. पहिल्याच वळणावर अडली. उभी केली, आडवी केली, माणसं दारांच्या चौकटींना धडकली. एकाने सल्ला दिला डावीकडून घ्या, तर चार माणसं तिरडीसकट चक्कर मारून परत बैठकीत आली. कोणी हसलं नाही, पण हसू दाबल्याचं मला दिसलं, आणि माझी खात्री आहे, काकू असत्या तर पदर तोंडाला लावून त्याच आधी हसल्या असत्या. शेवटी दोन्ही मुलांनी आईला हातांवर उचललं. विलासने खांद्याकडून, प्रमोदने पायांकडून. तिच्या थोरल्याच्या खोलीतून, देवघरातून, कोठीतून वळत वळत बाहेर आणलं. विलास घामाने आणि रडण्याने ओलाचिंब झाला होता. अंगणात आल्यावर तो बापाकडे न पाहता म्हणाला, "हे काय घर आहे? माणसाला मरूनसुद्धा नीट निघता येत नाही."

काकाजींनी ते ऐकलं.

ह्या वर्षी वर्षश्राद्ध होतं. मुलं सुनांना घेऊन येणार, दोन दिवस राहणार, असा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडकीतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. मी पाहिलं तर काकाजी स्टुलावर चढून, चष्मा कपाळावर, थोरल्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवत होते. पितळेची, जाड, त्यांच्या मालातली सगळ्यांत भारी. स्क्रू सुटून खाली पडायचा, ते उतरायचे, शोधायचे, पुन्हा चढायचे. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाले. दोन्ही मुलांच्या खोल्यांना, प्रत्येकी दोन दारांना. बैठकीकडच्या आणि स्वयंपाकघराकडच्या. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि एकेक कडी लावून-काढून, लावून-काढून पाहत बसले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काकाजी, भिंतीचं लेकरू घरात आणलं?"

"पोरायले झोप लागली पायजे बावा," ते म्हणाले.

श्राद्धाचं जेवण झालं आणि विलासने मला बैठकीत बोलावून घेतलं. कोर्टातला माणूस म्हणून. मी तेव्हाच ओळखलं. दोघे भाऊ समजूतदारपणे बोलत होते, आवाज चढला नाही, एकमेकांच्या शब्दाला मान देत होते. मला भांडणाऱ्या भावांची सवय आहे, समजूतदार भावांची भीती वाटते. प्रमोदने विचारलं, "मनोहरकाका, ह्या घराची वाटणी होऊ शकते का?" मी म्हटलं नाही होऊ शकत, सुतळी घेऊन मी स्वतः पाहिलं आहे. कोपऱ्यात बसलेल्या काकाजींची मान थोडी ताठ झाली. जन्मभराची पैज ते जिंकले होते. तेवढ्यात विलास म्हणाला, मग विकावंच लागेल.

बरोबर होतं त्याचं. कायदाच आहे तसा. ज्या वस्तूचे तुकडे होत नाहीत ती विकतात आणि पैशांचे तुकडे करतात. काकाजींनी गवंड्याच्या सुताचा बंदोबस्त केला होता, वकिलाच्या पेनाचा करायचा राहिला होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं, घर पाडून तो फ्लॅट बांधणार होता. राहता राहिले बाबा. त्याचाही विचार मुलांनी नीट केला होता. सहा महिने नागपूर, सहा महिने पुणे. उन्हाळ्यात पुणे, म्हणजे तब्येतीला बरं. सुना मनापासून माना हलवत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, त्यांत कोणी दुष्ट नव्हतं. दुष्ट असतं तर मला चार शब्द तरी सुनावता आले असते.

काकाजी सगळ्याला हो म्हणत होते. एवढंच विचारलं, "माही बाज नेता येईन ना?"

"बाबा, फ्लॅटमध्ये बाज कुठे टाकता," विलास म्हणाला. "हॉलमध्ये दिवाण आहे तुमच्यासाठी."

त्याला नाचणगावची गोष्ट माहीत नसणार. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मी उठलो. पान खायचं निमित्त करून निघालो, घाईत रस्त्याच्या दाराऐवजी आतल्या दारात शिरलो, आणि फिरून परत त्यांच्याच पुढ्यात येऊन उभा राहिलो. असल्या वेळीसुद्धा त्या घराने माझी अब्रू ठेवली नाही.

घरी येऊन मी अंगणात येरझारा घालत होतो. डोकं तापलं होतं. जरा वेळाने खिडकीत काकाजी दिसले. बाजेवर बसले होते, पाय खाली सोडून. मी गजांपाशी गेलो आणि बोलायला तोंड उघडलं. काय बोलायचं ते सगळं तयार होतं. घर तुमच्या नावावर आहे, सही करू नका, मी अर्ज टाईप करतो, फुकट करतो. काकाजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "पोरं झोपले."

मी पाहिलं. स्वयंपाकघराची दोन्ही दारं बंद होती. दोन्हींना पलीकडून कड्या. जेवणं जड झाली होती, प्रवासाचा शीण होता, थोरला-थोरली एका खोलीत, धाकटा-धाकटी दुसऱ्या खोलीत, दुपारची झोप काढायला गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात दाराला कडी लावून निवांत झोपले होते. मध्ये काकाजी. स्वयंपाकघरातून बाहेर पडायला तिसरी वाट त्यांनी ठेवलीच नव्हती. माझी बोटं आपोआप हलायला लागली. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस थोरल्या मुलाची कडी, पश्चिमेस धाकट्या मुलाची कडी, उत्तरेस चूल, दक्षिणेस शेजाऱ्याकडची खिडकी. मध्ये वादातील मिळकत, वय झालेली, वाटप करण्याजोगी.

मी विचारलं, तुम्ही आत अडकलात हे त्यांना माहीत आहे का. त्यांनी मान हलवली. नाही. ते पाणी प्यायला आत आले होते, तेवढ्यात इकडून एक कडी लागली, तिकडून दुसरी.

"मग हाक मारा की. दार वाजवा."

"नाई नाई. झोपू दे." ते बाजेवर थोडे चुळबुळले. मग लाजल्यासारखं हसून म्हणाले, "लघवीले जायचं हाय खरं. पण राहू दे, उठतीन तवा जाईन."

माझा संताप झाला. त्यांच्यावर झाला, पोरांवर झाला, त्या पितळी कड्यांवर झाला. म्हटलं, काकाजी, तुमचं घर विकून राहिले, तुम्हाला सहा-सहा महिने वाटून राहिले, आणि तुम्ही त्यांची झोप सांभाळता? चीड येत नाही तुम्हाला?

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि कान पूर्वेच्या दाराकडे दिला.

"आयकून राह्यला का? विलास घोरते. माह्या बापावर गेला." मग पश्चिमेकडे मान वळवली. "अन् इकडं धाकटा. त्याचा पंखा वाजते, तो बंद नाई करत. लहानपणापासून नाई करत." मग म्हणाले, "मले इतकी वर्सं अकल आली नाई, मनोहर. कडी आतून लागली हाय म्हणजे माणूस घरात हाय. भाईरून लागली का समजाचं, गेला."

मी अर्ज टाईप करायचं बोललो नाही. अंगणातली बादली पालथी घातली आणि खिडकीखाली बसलो. वर काकाजी, खाली मी, आणि एकीकडून घोरणं, दुसरीकडून पंखा. भिंतीपलीकडे सुधाकरचा रेडिओ लागला होता. तो बंद कर म्हणून ओरडावंसं वाटलं, आणि मग वाटलं, असू दे. लागला आहे तोवर पलीकडे कोणीतरी आहे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पूर्वेच्या दाराची कडी निघाली. तेलपाणी केलेली, आवाज न करता निघाली. थोरली दार उघडून चहा ठेवायला आत आली, सासऱ्यांना पाहून दचकली, आणि काही न समजून बाजूला झाली. काकाजी लगबगीने उठले. धोतर सावरलं. त्या सताड उघड्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले, आणि आत पाय टाकायच्या आधी खोकले.